सपोर्ट संपण्याच्या तीन महिने आधी: एका फाउंड्रीच्या ईआरपी बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरातल्या औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, पण घरचीच. थोरले भाऊ हिशोब आणि खरेदी बघतात, धाकटे उत्पादन. ग्रे आयर्न आणि एस. जी. आयर्न या लोखंडाच्या दोन प्रकारांची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, इथे होतात. त्यातला मोठा भाग आसपासच्या छोट्या मशीन शॉपमध्ये जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, जातो, मशिनिंग होऊन परत येतो आणि वाहन उद्योगातल्या ग्राहकांकडे रवाना होतो. उलाढाल वीस कोटींच्या वर आहे, आणि हा आकडा पुढे एका ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. बाकीचे तपशील ओळख पटू नये म्हणून ढोबळ ठेवले आहेत. मी या कामात बाहेरचा सल्लागार होतो. काम नियोजनाचं होतं, सॉफ्टवेअर विकण्याचं नव्हतं.

कंपनीचं ईआरपी, म्हणजे हिशोब, साठा आणि उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, दहाएक वर्षांपूर्वी एका देशी विक्रेत्याकडून घेतलेलं. खाली विंडोज सर्व्हर २०१२ आर२, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१४ हा डेटाबेस. लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर. वर्षानुवर्षं मागणीप्रमाणे करून घेतलेले दीडशेच्या आसपास रिपोर्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रेत्याचं पत्र आलं: या आवृत्तीचा सपोर्ट ३१ मार्च २०२५ ला संपेल, नव्या आवृत्तीवर यावं.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी ३१ मार्च ही एकच तारीख धरली होती. प्रत्यक्षात तारखा एकावर एक साचलेल्या होत्या. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपून गेला होता. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ ला संपणार होता. म्हणजे विक्रेत्याचं पत्र आलं तेव्हा सर्व्हर सुरक्षा अपडेटशिवायच चालला होता. कंपनीत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण सर्व्हर बघणारा माणूस, ईआरपी बघणारा माणूस आणि संगणकांची देखभाल करणारा माणूस हे तीन वेगळ्या ठिकाणचे होते. तीन तारखा एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असणं बंधनकारक झालं. कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. जुन्या आवृत्तीत ती सोय नव्हती. ऑडिटरला त्याबद्दल अहवालात लिहावंच लागतं. बँकेकडे खेळतं भांडवल वाढवून मागायच्या वर्षी तो शेरा थोरल्या भावांना जास्त टोचला.

आणखी एक मुद्दा आपल्याकडे फार कमी बोलला जातो. भारतातल्या ईआरपीच्या बाबतीत सपोर्ट संपला याचा अर्थ फक्त दुरुस्ती थांबली एवढाच नसतो, सरकारी बदल येणंही थांबतं. ई-इन्व्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचा) साचा बदलला, ई-वे बिलाचा (मालवाहतुकीसाठीच्या ऑनलाइन कागदाचा) नियम बदलला, कराचा दर बदलला की जुन्या आवृत्तीत ते उतरत नाही. यंत्रणा चालू दिसते आणि बिलं मात्र हाताने दुरुस्त करत बसावं लागतं.

समोर असलेले पर्याय

जुनंच चालू ठेवायचं, सर्व्हर इंटरनेटपासून तोडायचा आणि स्थानिक माणसाला देखभाल द्यायची, असा एक विचार पुढे आला. सर्वांत स्वस्त तोच होता. पण ई-इन्व्हॉइससाठी सर्व्हर बाहेर जोडलेला लागतोच, आणि ऑडिट ट्रेलचा प्रश्न तसाच राहत होता. तो लवकर बाजूला पडला.

हिशोब टॅलीवर आणि उत्पादन-जॉबवर्क वेगळ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, हा अकाउंट्स विभागाचा आवडता पर्याय. त्यांच्या हाताला टॅलीची सवय होती. पण दोन यंत्रणांमध्ये रोज साठ्याचा मेळ कोण घालणार, याचं उत्तर कुणी देईना.

ईआरपीनेक्स्टसारखी मुक्त प्रणाली किंवा मोठ्या कंपनीचं ईआरपी घ्यावं, असं धाकट्या भावांचं मत होतं. ते गांभीर्याने तपासलं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण जॉबवर्कची पद्धत नव्याने बसवायला हाती असलेला वेळ पुरणार नव्हता, आणि ते शिकून घेणारा माणूस कंपनीत एकच होता.

शेवटी जुन्याच विक्रेत्याच्या नव्या आवृत्तीवर जायचं ठरलं. सर्व्हर मात्र कंपनीचाच नवा: विंडोज सर्व्हर २०२२ आणि एसक्यूएल सर्व्हर २०१९. क्लाउडवर जावं का, यावर बराच खल झाला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. थोरल्या भावांचं म्हणणं असं की पुरात कारखानाच बंद असतो, मग सर्व्हर बाहेर ठेवून काय मिळवायचं? अकाउंट्सचं म्हणणं उलटं: कारखाना बंद असला तरी जीएसटीची मुदत बंद नसते. तोडगा निघाला तो असा: सर्व्हर कारखान्यात, पण रोजचा बॅकअप पुण्याला. माझ्या मते या घडीला तो योग्य होता.

या निर्णयातली एक गोष्ट मला आजही पटते. विक्रेता तोच ठेवला, तरी त्याला काम देण्याआधी एक प्रश्न लेखी विचारला गेला: सपोर्ट संपल्यावर जुनी आवृत्ती उघडेल का? डोंगलचं लायसन्स दरवर्षी नूतनीकरणाचं होतं. ते थांबलं असतं तर जुना डेटा सर्व्हरवर असूनही दिसला नसता. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. आधी विक्रेत्याच्या माणसाने तोंडी सांगितलं, "होईल हो काहीतरी." कंपनीने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. फक्त पाहण्यापुरतं कायमचं लायसन्स कराराच्या मसुद्यात घालून घेतलं आणि मगच सही केली. सही झाल्यावर हीच मागणी केली असती तर वेगळी किंमत मोजावी लागली असती.

तारीख ठरवणं

जवळजवळ सगळ्यांचा कौल १ एप्रिल २०२५ ला होता. आर्थिक वर्षाची सुरुवात, नवी बिल मालिका, स्वच्छ ओपनिंग. कागदावर याहून सोयीची तारीख नाही. मी आणि अकाउंट्सचे प्रमुख दोघांनी तिला विरोध केला.

कारण सोपं होतं. १ एप्रिलला नव्यावर गेलो तर जुन्याचा सपोर्ट आदल्या दिवशीच संपलेला. डेटा आणताना अडलं, जुन्या टेबलमधल्या एखाद्या आकड्याचा अर्थ लागला नाही, तर फोन कुणाला करायचा? मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत जुनी यंत्रणा वापरण्यात बचत वाटते, पण सपोर्टची सर्वांत जास्त गरज बदल झाल्यानंतरच्या आठवड्यांत लागते. शिवाय मार्चअखेर म्हणजे ग्राहकांची ओढ, बँकेचा स्टॉक अहवाल आणि वर्षअखेरची साठामोजणी एकाच वेळी.

१ ऑक्टोबर २०२४ चांगली वाटत होती. जॉबवर्कच्या आयटीसी-०४ या जीएसटी पत्रकाची सहामाही ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे चलनांचा, म्हणजे जॉबवर्कला माल पाठवतानाच्या कागदांचा, हिशोबही तिथेच तुटला असता. पण तयारीला वेळ कमी होता, मध्ये गणपती होते, आणि ऑक्टोबर सुरू होताच नवरात्र. ती सोडली.

म्हणून १ जानेवारी २०२५. टीडीएसची तिमाही ३१ डिसेंबरला संपते, आणि जुन्याचा सपोर्ट पुढे पूर्ण तीन महिने हाताशी राहतो. तोटा हा की आर्थिक वर्ष दोन यंत्रणांत विभागलं जाणार आणि ऑडिटच्या वेळी दोन्ही खतावण्या जोडून दाखवाव्या लागणार. ऑडिटरला आधीच विचारलं, त्यांची हरकत नव्हती. या तारखेत एक अडचण उशिरा लक्षात आली: २०२३-२४ च्या जीएसटी वार्षिक पत्रकाची, म्हणजे जीएसटीआर-९ ची, मुदतही ३१ डिसेंबरच. तेच चार जण दोन्ही कामं करणार होते. मग ते पत्रक १५ डिसेंबरच्या आत भरायचं ठरवलं आणि ती तारीख या योजनेचाच भाग केली.

जॉबवर्कची चलनं

या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि सर्वांत जास्त फायदाही इथेच झाला.

सुरुवातीच्या योजनेत "उघडी चलनं नव्या यंत्रणेत आणणे" ही एक ओळ होती; उघडं म्हणजे ज्याचा माल पूर्ण परत आल्याची नोंद नाही असं चलन. अंदाज दोन दिवसांचा. पहिली यादी काढली तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीची चलनंही उघडी दिसली. यंत्रणेप्रमाणे एका मशीन शॉपकडे इतका माल पडून होता की त्याच्या शेडमध्ये तो मावलाच नसता.

स्टोअरचे जुने कर्मचारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एका वाक्यात उलगडा केला: "चलन उघडं हाय म्हणजे माल तिकडं हाय असं नसतंय साहेब. माल कवाच आलाय, पण आला तो वेगळ्या वजनानं." कास्टिंग जाताना काही चलनं नगांत, काही किलोत. परत येताना नेहमी नग. मशिनिंगमध्ये गेलेला बर (धातूचा कीस) आणि रिजेक्ट झालेले नग यांची नोंद कधी झाली, कधी नाही. त्यामुळे चलन थोडंसं शिल्लक राहायचं आणि कायम उघडं दिसायचं.

हा फक्त अस्वच्छ डेटाचा प्रश्न नव्हता. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरलं जातं, आणि कर व्याजासह द्यावा लागतो. कागदावर वर्षाहून जुनं उघडं चलन म्हणजे कागदावर तयार झालेली करदेणी. ते तसंच नव्या यंत्रणेत नेलं असतं तर नव्या यंत्रणेच्या पहिल्याच पत्रकात ते दिसलं असतं. आणि गुपचूप मिटवलं असतं तर ऑडिट ट्रेलच्या काळात ते लपलं नसतं.

इथे निर्णयाची खरी कसोटी होती. विक्रेत्याच्या माणसाचा सल्ला होता की सगळी उघडी चलनं शून्य करून टाका, नव्यात ताजी सुरुवात करा. कंपनीने तो मानला नाही. सीएंना बोलावून पद्धत ठरवली. प्रत्येक जॉबवर्करकडे जाऊन माल मोजायचा आणि मोजणीच्या कागदावर त्याची सही घ्यायची. जे खरोखर तिकडे आहे तेवढंच नव्यात न्यायचं. जे परत आलंय पण चलन बंद नाही, त्याचा आवक नोंदीशी मेळ घालून जुन्या यंत्रणेतच, कारण लिहून, डिसेंबरच्या आत बंद करायचं. ज्याचा पत्ताच लागत नाही, त्याचा वेगळा तक्ता करून कराचा निर्णय सीएंनी द्यायचा. तिसरा ढीग सुदैवाने लहान निघाला, त्यावरचा कर कंपनीने भरला.

मामा आणि डिस्पॅचचा एक तरुण मुलगा मोटारसायकलवरून सगळी मशीन शॉप फिरले. या कामासाठी त्यांना रोजच्या कामातून पूर्ण मोकळं केलं होतं, आणि माझ्या मते हाच या प्रकल्पातला सर्वांत शहाणा खर्च. एरवी अशी कामं "जमेल तसं करा" म्हणून सोपवली जातात आणि कधीच संपत नाहीत.

बाकीची तयारी

डेटा हलवण्याची पहिली रंगीत तालीम जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती. त्याच आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि नदीकाठच्या गावांतले कर्मचारी येऊ शकले नाहीत. तालीम ऑगस्टच्या मध्यावर गेली. योजनेत पावसाळ्यासाठी सवड ठेवलेली असल्याने पुढचं काही बिघडलं नाही.

तालमीत निघालेल्या चुका मोठ्या शिकवणाऱ्या होत्या. ग्राहकांचे पार्ट नंबर एक्सेलमधून नेताना सुरुवातीची शून्यं गळाली, आणि मध्ये ई हे अक्षर असलेले नंबर एक्सेलने गणिती आकड्यात बदलून टाकले. पगाराच्या मॉड्यूलमध्ये कामगारांची नावं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये होती, ती नव्या यंत्रणेत इंग्रजी अक्षरांचा काला होऊन आली. फॉन्ट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने बरंच काम झालं, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागले. पगारपत्रकावर माणसाचं नाव चुकीचं छापून चालत नाही, म्हणून प्रत्येक नाव त्या त्या कामगाराकडून तपासून घेतलं.

बिल क्रमांकाचं भान ठेवावं लागलं. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, हा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तयार होतो. वर्ष तेच, म्हणून नव्या यंत्रणेने पुन्हा एकपासून जुन्याच मालिकेत क्रमांक दिले असते तर पोर्टलने ते दुबार म्हणून नाकारले असते. वेगळी मालिका घेतली, सोळा अक्षरांच्या मर्यादेत.

रिपोर्टच्या बाबतीत कठोर व्हावं लागलं. दीडशेपैकी गेल्या वर्षभरात कुणी उघडलेले किती, हे सर्व्हरच्या नोंदीतून काढलं. तिसरा हिस्साही निघाला नाही. बाकीचे नव्यात केलेच नाहीत. उत्पादन मॉड्यूल जूनपर्यंत पुढे ढकललं, आणि जानेवारीत फक्त हिशोब, स्टोअर, जॉबवर्क आणि डिस्पॅच घेतले.

बदलाचे दिवस

विक्रेत्याच्या आराखड्यात डेटा हलवण्याची वेळ रात्रीची होती, कारण रात्री कार्यालयं बंद असतात. फाउंड्री मात्र तेव्हा रात्रीच जास्त चालायची. त्या वेळी रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त होती, म्हणून भट्ट्या तेव्हा लागायच्या आणि हीट नंबरच्या (भट्टीच्या प्रत्येक घाण्याच्या क्रमांकाच्या), स्पेक्ट्रोच्या (धातूच्या घटकांच्या तपासणीच्या) नोंदी तेव्हाच व्हायच्या. हे धाकट्या भावांनी वेळेत दाखवून दिलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या नोंदी छापील हीट कार्डांवर घेतल्या आणि सकाळी संगणकात चढवल्या. साठामोजणी आदल्या शनिवार-रविवारी, २८ आणि २९ डिसेंबरला उरकली होती. त्यानंतरच्या दोन दिवसांची आवक-जावक वेगळ्या वहीत लिहिली.

१ जानेवारीला एक अडथळा आला, त्याची बीजं बाहेर होती. वीस कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलवर ओटीपीसह दुहेरी लॉगिन त्याच दिवसापासून सक्तीचं झालं. सूचना डिसेंबरच्या मध्यावर आली होती, पण सगळे मोजणीत गुंतलेले. नव्या यंत्रणेतून काही बिलं पत्त्यातल्या पिनकोडच्या चुकीमुळे अडली, तेव्हा ठरल्याप्रमाणे डिस्पॅचचा मुलगा थेट पोर्टलवर गेला. ओटीपी थोरल्या भावांच्या मोबाइलवर, आणि ते बैठकीत. गाड्या दोन तास फाटकाशी उभ्या राहिल्या. दुपारी डिस्पॅचसाठी स्वतंत्र उपवापरकर्ता आणि वेगळा मोबाइल क्रमांक नोंदवला.

निकाल

जानेवारीचा जीएसटी विवरणपत्रांचा महिना वेळेत पार पडला. फेब्रुवारीत तारखेचा निर्णय किती बरोबर होता ते कळलं. एका ग्राहकाची २०२३ मधल्या कास्टिंगबद्दल तक्रार आली आणि हीट नंबरचा माग जुन्या यंत्रणेत काढावा लागला. काही नोंदींवर स्थितीचा एक आकडा होता ज्याचा अर्थ कुठल्याच कागदात नव्हता. विक्रेत्याच्या जुन्या आवृत्तीवरच्या अभियंत्याने फोनवर तो सांगितला. सपोर्ट चालू होता म्हणून तो अभियंता त्या कामावर होता. त्याच्याशी बसून अशा सगळ्या आकड्यांची यादी मार्चच्या आत लिहून घेतली.

२२ सप्टेंबर २०२५ ला वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या आवृत्तीत तो बदल अपडेटने आला. जुन्यावर राहिले असते तर ती बिलं हाताने करावी लागली असती.

वेगळं काय करता आलं असतं

दोन महिने दोन्ही यंत्रणांत समांतर नोंदी करण्याची अट सुरुवातीला होती. ती पाच आठवड्यांनी सोडली. डिस्पॅचची माणसं दमली आणि दुसऱ्या नोंदीत चुका वाढल्या, मग फरक यंत्रणेचा की माणसाचा हेच कळेना. समांतर नोंद फक्त महिनाअखेरच्या हिशोबापुरती ठेवली असती तर पुरलं असतं.

उत्पादन मॉड्यूल जूनला आलं नाही, ऑगस्टला आलं. तोवर हीटच्या नोंदी एक्सेलवर राहिल्या. टप्पे पाडणं बरोबर होतं, पण दुसऱ्या टप्प्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकलेली नव्हती.

सर्वांत मोठी उणीव तारखांच्या कागदातच राहिली. सर्व्हर, डेटाबेस आणि ईआरपी यांच्या तारखा मांडल्या, शॉप फ्लोअरवरचे संगणक सुटले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यातले निम्मे संगणक विंडोज ११ घेऊ शकत नव्हते, कारण त्यांचे प्रोसेसर जुने आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती. अंदाजपत्रकात नसलेला तो खर्च वर्षाच्या मध्यावर करावा लागला.

आता अकाउंट्सच्या प्रमुखांकडे एक नोंदवही आहे. त्यात एसक्यूएल सर्व्हर २०१९ समोर ८ जानेवारी २०३०, विंडोज सर्व्हर २०२२ समोर १४ ऑक्टोबर २०३१ आणि ईआरपीच्या चालू आवृत्तीसमोर विक्रेत्याने लेखी दिलेली तारीख आहे. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती वही उघडली जाते. जॉबवर्कची उघडी चलनं दर महिन्याच्या २५ तारखेला मामा स्वतः तपासतात.